लाईट गेली, पीसी बंद पडला, आणि डी ड्राइव्ह ११ टक्क्यांवर अडकलाय

बार्शीकर_डीटीपी
मंडळी, अर्जंट आहे म्हणून थेट विचारतो. बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. आज संध्याकाळी कोरलमध्ये काम चालू असताना लाईट गेली. यूपीएस एकदा पीं करून ओरडला आणि तोही झोपला. लाईट आल्यावर पीसी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी' असं आलं. ११ टक्क्यांपर्यंत भराभर गेलं आणि तिथेच बसलंय. पाऊण तास होऊन गेला.

सी ड्राइव्ह म्हणजे २४० जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज १०. डी म्हणजे १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, गिऱ्हाइकांचं सगळं काम तिच्यावर. उद्या सकाळी एक पत्रिका छपाईला द्यायचीय, तीही तिथेच आहे.

बटण दाबून बंद करू का थांबू? मोबाईलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

झटपट_बंड्या
सरळ बंद कर. परत चालू करताना उलटी मोजणी दिसली की कुठलीही की दाब, स्कॅनिंग होतच नाही. मी कायम तेच करतो.

खडूस_काका
बंड्या, तुझं मशीन गेम खेळायचं आहे. त्यांच्या डिस्कवर त्यांचं पोट आहे.

बार्शीकर, कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी बघून इथे सांगा. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय, एकसारखा पेटलेला आहे, का विझलाय? आणि कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून कान जवळ न्या. आवाज कसा येतोय? टक... टक... टक असा ठरावीक अंतराने येत असेल तर पुढचं वाचत बसू नका, वीज बंद करा.

बार्शीकर_डीटीपी
दिवा जवळजवळ सतत पेटलेला, मधेच क्षणभर विझतो. आवाज बारीक कुर्र कुर्र, मग थोडी शांतता, पुन्हा कुर्र कुर्र. टकटक नाही.

खडूस_काका
मग काम चालू आहे, पण अडखळत. तो टक्क्याचा आकडा वेळेवर चालत नाही. किती फायलींच्या नोंदी तपासून झाल्या यावर चालतो. एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) नीट वाचता आला नाही की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचून बघते, मग विंडोजला 'जमलं नाही' कळवते, मग विंडोज पुन्हा मागतं. ११ टक्क्यांच्या जागी असे दोन-चार सेक्टर असले तरी तासभर सहज जातो.

आत्ता नोंदी लिहिण्याचं काम चालू असेल आणि मधेच वीज तोडली, तर अर्धवट दुरुस्ती हा आणखी एक घोळ होऊन बसेल. माझं मत: अजून तासभर थांबा.

सेक्टर_शून्य
काका, इथे मी वेगळं बोलणार. रिपेअरिंगचा धंदा करतो, पुण्यात. रोज अशा डिस्का टेबलावर येतात.

दिवा पेटलेला आणि आवाज थांबून थांबून, याचा अर्थ डिस्कला वाचायला त्रास होतोय. आजारी डिस्कवर चेकडिस्क (स्क्रीनवर चाललंय ते विंडोजचं तपासणी-दुरुस्तीचं काम) चालवणं हीच चूक असते. चेकडिस्कला तुमच्या पत्रिकेशी काही देणंघेणं नाही. फाइल सिस्टिमच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, एवढंच त्याचं काम. जी नोंद जुळत नाही ती तो कापतो आणि पुढे जातो. तलाठी दप्तर तपासतो तसं आहे हे: कुठला गट कुणाच्या नावावर, एवढं तो जुळवणार. शेतात पीक उभं आहे का जळालंय ते बघायला तो बांधावर जात नाही.

मी असतो तर बंद केलं असतं, डी ड्राइव्हची केबल काढली असती, आणि आधी डिस्कची तब्येत बघितली असती.

खडूस_काका
तत्त्व मान्य. पण तुम्ही टेबलावर बसून बोलताय, ते दुकानात एकटे आहेत आणि दुरुस्ती अर्ध्यावर आलीय. सुरू होण्याआधी विचारलं असतं तर मीही केबल काढा म्हणालो असतो.

मोरपंखी
तुम्हा दोघांचं चालू द्या. बार्शीकर, पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल ना? पीडीएफ पाठवली असेल तर तीच छापायला देता येईल. डिस्कचं काय व्हायचं ते होवो, सकाळचं टेन्शन तरी गेलं.

बार्शीकर_डीटीपी
ताई, प्रूफ पाठवलंय, पण जेपीजी. आणि त्यावर आडवा 'नमुना' असा वॉटरमार्क मारलाय, फुकटात कुणी छापून घेऊ नये म्हणून 🤦

मोरपंखी
😂 मजकूर तरी आहे. वेळ पडली तर रात्रीत पुन्हा टाईप करता येईल. मुहूर्त आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' पुरतं.

बार्शीकर_डीटीपी
गेलं!! ११ वरून थेट ५८, मग १००. विंडोज सुरू झालं. डी ड्राइव्ह दिसतोय. थांबा, बघतो.

बार्शीकर_डीटीपी
पत्रिकेची फाइल जागेवर आहे पण कोरल उघडत नाही, फाइल खराब म्हणतं. साईझ मात्र बरोबर दिसतेय. आणि डी ड्राइव्हवर 'फाउंड.०००' नावाचा फिकट रंगाचा फोल्डर आलाय, आत 'फाइल०००१.सीएचके' अशा फायली. हा व्हायरस आहे का?

खडूस_काका
व्हायरस नाही, चेकडिस्कनेच केलाय. डिस्कवर डेटा सापडला पण तो कुठल्या फाइलचा हे कळेना, की असे बेवारस तुकडे तो तिथे नेऊन ठेवतो. डिलीट करू नका.

साईझ बरोबर असूनही फाइल का उघडत नाही, तर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींच्या नोंदी ठेवायची पद्धत) जर्नल ठेवतं ते नोंदींचं. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून ही सोय आहे. फाइलचं नाव, जागा, लांबी यात काय बदल होणार ते आधी लॉगमध्ये लिहायचं, मग प्रत्यक्ष करायचं. म्हणून लाईट गेल्यावर फाइल सिस्टिम सावरते. पण फाइलच्या आतला मजकूर जर्नलमध्ये जात नाही. तो अजून रॅममध्ये किंवा डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये होता आणि वीज गेली, तर नोंद म्हणते 'फाइल ४ एमबीची', आणि आत त्या जागी शून्यं किंवा जुना कचरा. तुमचं तेच झालेलं दिसतंय.

त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप_ऑफ_' ने सुरू होणारी फाइल आहे का बघा. कोरल सेव्ह करताना आधीची प्रत त्या नावाने ठेवतं. 'ऑटोबॅकअप_ऑफ_' असलेली वेगळी फाइलही असू शकते, ती टेम्प फोल्डरमध्येही शोधा, आणि तुमच्याकडे टेम्प सी ड्राइव्हवर असणार.

बार्शीकर_डीटीपी
काका!!! 'बॅकअप_ऑफ_' उघडली. वधूच्या मामांची नावं तेवढी नाहीत, ती संध्याकाळीच वाढवली होती. पाच मिनिटांचं काम. तुमचे पाय कुठे आहेत?

खडूस_काका
पाय राहू द्या. ती फाइल आत्ताच्या आत्ता पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्याच मेलवर टाका. मग मामांकडे वळा.

जुनापुराणा
हे वाचून विंडोज ९८ आठवलं. निळा पडदा, पिवळी पट्टी, स्कॅनडिस्क. विंडोज नीट बंद केलं नाही म्हणून ड्राइव्हवर एरर असू शकतात, पुन्हा हा संदेश नको असेल तर कायम स्टार्ट मेनूतूनच बंद करत जा, असा उपदेश असायचा. लाईट जायची आणि बोलणी आपल्याला. तेव्हा फाइल सिस्टिम फॅट३२, जर्नल वगैरे काही नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण तपासणी. सायबर कॅफेत तेवढ्या वेळाचेही पैसे लावायचे.

सेक्टर_शून्य
पत्रिका सुटली, अभिनंदन. आता डिस्ककडे या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सी ड्राइव्हवर टाका, डीवर काहीही इन्स्टॉल करू नका, आणि ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींचे शेवटच्या कॉलममधले आकडे इथे द्या.

तोवर चेकडिस्कचा रिपोर्टही काढा. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, त्यात सोर्स 'विनइनिट', इव्हेंट आयडी १००१. स्टार्ट होताना झालेल्या तपासणीचा सगळा निकाल तिथे असतो. लोक स्क्रीनचा फोटो काढायला धडपडतात, गरज नाही.

बार्शीकर_डीटीपी
पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवतंय.
०५ : ०
सी५ : २८
सी६ : २८
सी७ : ०
रिपोर्टमध्ये पुष्कळ ओळी 'डिलीटिंग इंडेक्स एंट्री' अशा आहेत. खाली '० केबी इन बॅड सेक्टर्स' लिहिलंय. म्हणजे बॅड सेक्टर नाहीत ना?

सेक्टर_शून्य
आहेत. आणि २८ नाही, ४०. त्या कॉलममध्ये आकडे सोळाच्या पद्धतीत असतात. सेटिंगमध्ये 'रॉ व्हॅल्यूज' शोधून १० वर करा म्हणजे नेहमीचे आकडे दिसतील.

'० केबी' याचा अर्थ विंडोजने खराब म्हणून एकही क्लस्टर (सेक्टरांचा गट) बाजूला काढलेला नाही. शोधलेच नाहीत तर काढणार कुठून? स्टार्टला होणारी तपासणी नोंदींपुरती असते, डिस्कचा सगळा पृष्ठभाग ती वाचत नाही.

आता ओळी. ०५ म्हणजे डिस्कने आजवर किती सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव दिले. सी५ म्हणजे 'संशयित': वाचता आले नाहीत, अजून निकाल लागायचाय. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही दुरुस्त न झालेले. सी७ हा बहुतेक वेळा केबलचा दोष. तो वाढत असेल तर आधी केबल बदलायची आणि मग डिस्कवर संशय घ्यायचा. तुमची केबल ठीक आहे.

बॅकब्लेझ ही क्लाउड बॅकअपवाली कंपनी हजारो डिस्का चालवते आणि त्यांचे आकडे जाहीर करते. डिस्क जाणार का, हे ओळखायला ते ज्या मोजक्या ओळी बघतात त्यांत ५, १९७ आणि १९८ आहेत. १९७ म्हणजेच सी५, १९८ म्हणजे सी६.

झटपट_बंड्या
मग चेकडिस्क /आर लावून रात्रभर ठेवा ना. बॅड सेक्टर रिपेअर होतात. यूट्यूबवर सगळे तेच सांगतात.

सेक्टर_शून्य
रिपेअर होत नाहीत. आणि नेमकं हेच करू नका म्हणून मी संध्याकाळपासून बोंबलतोय.

नवीन लोकांसाठी, आणि पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर त्यांच्यासाठी (टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, चेकडिस्कचं स्पेलिंग सी-एच-के-डी-एस-के, आणि कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडायचा):

नुसतं 'चेकडिस्क डी:' लिहिलं तर ते फक्त बघतं, काही बदलत नाही. सुरुवात कायम इथून.

'चेकडिस्क डी: /स्कॅन' हे विंडोज ८ पासून आलं. ड्राइव्ह चालू ठेवूनच तपासतं.

'/एफ' म्हणजे नोंदींची दुरुस्ती. ड्राइव्हवरच्या फायली उघड्या असतील तर तो 'डिसमाउंट करू का', म्हणजे ड्राइव्ह तात्पुरता सोडवू का, विचारतो. सी ड्राइव्ह असेल तर पुढच्या स्टार्टला करू का विचारतो, तिथे वाय दाबायचं.

'/आर' मध्ये /एफ येतंच, शिवाय प्रत्येक सेक्टर वाचला जातो. १ टीबी धडधाकट असेल तरी काही तास. संशयित सेक्टर असतील तर दिवससुद्धा. जो सेक्टर वाचता येत नाही त्यातला डेटा गेलाच, तो क्लस्टर खराब म्हणून नोंदवला जातो आणि फाइलच्या पोटात त्या जागी भोक पडतं. डिस्कचं डोकं (तबकडीवरून डेटा वाचणारं हेड) मरायला टेकलं असेल तर या इतक्या तासांच्या घासाघाशीत ती तिथेच संपते. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण 'रात्री /आर लावलं होतं, सकाळी ड्राइव्हच दिसेना' असंच सांगत येतात.

म्हणून आधी तब्येत, मग कॉपी, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

खडूस_काका
एक शंका आहे, वाद म्हणून नाही. लाईट गेल्यामुळे डिस्कला ओरखडा गेला असं लोक समजतात. तसं सहसा होत नाही. वीज तुटली तरी तबकडी फिरतच असते, आणि त्या फिरण्यातून तयार होणाऱ्या विजेवर डिस्क आपलं डोकं बाजूला नेऊन ठेवते. मग हे ४० सेक्टर कुठून आले?

सेक्टर_शून्य
बरोबर मुद्दा. दोन शक्यता. एक, नेमकं लिहिणं चालू असताना वीज गेली. सेक्टर अर्धा नवा, अर्धा जुना. त्याच्या शेवटी असलेला तपासणीचा कोड जुळत नाही, म्हणून वाचताना एरर. जागा तशी धडधाकट असते. त्यावर पुन्हा काहीतरी लिहिलं की सी५ मधून ती निघून जाते आणि ०५ वाढत नाही. दोन, डिस्क आधीपासूनच खराब होत होती आणि आज तपासणीमुळे उघडकीला आलं.

बऱ्याच नव्या डिस्कांत आतला खरा सेक्टर ४ केबीचा असतो, बाहेर ५१२ बाइटचे आठ दाखवतात. म्हणजे ४० हे आठ पाचे चाळीस, प्रत्यक्षात पाच जागा. वीज जाताना एकाच वेळी पाच ठिकाणी अर्धवट लिहिणं चालू होतं, हे मला पटत नाही. पण ०५ शून्य आहे, त्यामुळे लगेच 'गेली' असंही म्हणणार नाही. निकाल पुन्हा लिहिल्यावर लागेल, आणि लिहायचं सगळा डेटा बाहेर काढल्यावर.

बार्शीकर_डीटीपी
पत्रिका दिली छापायला, मामांसकट. 🙏 नवीन १ टीबी एसएसडी आणलीय. आता डेटा कसा हलवू? नेहमीसारखं कॉपी-पेस्ट केलं तर एका फाइलवर अडकतं आणि सगळंच थांबतं.

टर्मिनल_तुका
कॉपी-पेस्ट नको, रोबोकॉपी वापरा, विंडोजमध्येच असतं. पण त्याला /आर:१ /डब्ल्यू:१ द्यायला विसरू नका. न देता चालवलं तर न वाचता येणाऱ्या एका फाइलसाठी ते १० लाख वेळा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे तुमची नातवंडं बघतील. शिवाय /ई म्हणजे सगळे सबफोल्डर, आणि /लॉग: लिहून फाइलचं नाव दिलंत की काय राहिलं त्याची यादी मिळते.

इथला /आर आणि चेकडिस्कचा /आर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे वेगळं सांगतो, नाहीतर बंड्या गोंधळेल.

डिस्कची अवस्था याहून वाईट असती तर लिनक्सचा लाईव्ह पेन ड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू म्हटलं असतं. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अवघड जागा शेवटी घेतं, आणि कुठवर आलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मधेच लाईट गेली तरी तिथूनच पुढे.

खडूस_काका
आणि क्रम लावा. चालू महिन्याच्या ऑर्डरी, मग फॉन्ट आणि टेम्प्लेट, मग मागच्या वर्षांचं. अख्ख्या ड्राइव्हची एकदम कॉपी लावू नका. डिस्क मधेच गेली तर निदान कामाचं तरी बाहेर आलेलं असेल.

हिशेबनीस_ताई
इथे थोडं अवांतर, पण याच गावचं. आमच्याकडे टॅलीत एंट्री चालू असताना लाईट गेली की लोक चेकडिस्क करतात, 'नो प्रॉब्लेम्स' आलं की निश्चिंत होतात. वर तलाठ्याचं म्हणालात ना, तेच. ड्राइव्ह ठीक, पण कंपनीचा डेटा आतून बिघडलेला असू शकतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट+वाय दाबून डेटामध्ये गेलं की रिपेअर आहे, जुन्या ईआरपी ९ मध्ये कंट्रोल+ऑल्ट+आर. दोन्हीच्या आधी कंपनीचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. आणि नंतर ट्रायल बॅलन्स कालच्या प्रिंटशी ताडून बघा. जीएसटीच्या २० तारखेला हे उमगलं तर फार महागात पडतं.

मिरामार_क्लिक
गोव्याहून, लग्नाचे फोटो काढतो. आमच्या एक्सटर्नल डिस्का आणि कार्डं बहुतेक एक्सफॅट या फाइल सिस्टिमची असतात, कारण मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालतात. एक्सफॅटला जर्नल नाही. केबल ओढली गेली किंवा लॅपटॉप बंद पडला की लावल्याबरोबर 'देअर इज अ प्रॉब्लेम विथ धिस ड्राइव्ह, स्कॅन अँड फिक्स' असं येतं, आणि नवखा असिस्टंट लगेच 'फिक्स' दाबतो. कार्डावर एकमेव प्रत असेल तर दाबू नका. आधी फोटोरेक या सॉफ्टवेअरने फोटो बाहेर काढा, ते कार्डावर काही लिहीत नाही.

बार्शीकर_डीटीपी
मग त्या सीएचके फायलींतून काही निघेल का?

टर्मिनल_तुका
निघू शकतं. हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि पहिली अक्षरं बघा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ असेल तर पीडीएफ. एफएफ डी८ असेल तर जेपीजी. 'पीके' दिसलं तर झिप, आणि कोरल एक्स४ पासूनच्या फायली आतून झिपच असतात, तेव्हा एक्स्टेन्शन सीडीआर करून उघडून बघा. मूळ सीएचके जपून ठेवून त्याच्या कॉपीवर हे करायचं.

लिनक्सवाल्यांसाठी एक वाक्य: आमच्याकडे हाच फोल्डर 'लॉस्ट+फाउंड' या नावाने असतो, आणि चालू म्हणजे माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीके (आमचं चेकडिस्क) कधीही चालवू नये. एक्सट३ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं जर्नल २००१ च्या शेवटी २.४.१५ कर्नलमध्ये आलं, त्याआधी एक्सट२ वर लाईट गेली की चहा पिऊन यायचं. ड्युअल बूटवाल्यांनो, एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क नव्हे. ते जुजबी डागडुजी करून खरं काम विंडोजच्या पुढच्या स्टार्टवर ढकलतं.

झटपट_बंड्या
बरं, माझा प्रश्न. माझ्याकडे दर वेळी स्टार्टला डी ड्राइव्हचं स्कॅनिंग येतं, लाईट न जाताही. चेकएनटीएफएस /एक्स डी: केलं की येत नाही म्हणतात. करू?

खडूस_काका
अरे, म्हणून तू रोज की दाबतोस होय! विंडोजने त्या ड्राइव्हवर 'डर्टी' अशी खूण केलीय. 'एफएसयुटिल डर्टी क्वेरी डी:' लिहून बघ, सांगेल. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ती खूण जात नाही, आणि तू ती कधी पूर्ण होऊच देत नाहीस. /एक्स केल्याने खूण जात नाही, फक्त तुला दिसायची बंद होते. आधी सी५ बघ, डेटा हलव, मग एकदा /एफ पूर्ण होऊ दे. त्यानंतरही खूण परत आली तर डिस्क किंवा केबल.

आणि हो, विंडोज अपडेट घेतलेलं असू दे. डिसेंबर २०२० च्या एका अपडेटनंतर विंडोज १० च्या २०एच२ आवृत्तीवर काही मशीन चेकडिस्क /एफ मुळेच सुरू होईनाशी झाली होती. मायक्रोसॉफ्टने ते नंतर दुरुस्त केलं.

झटपट_बंड्या
सी५ बघितलं. १ए८. हे किती झाले?

सेक्टर_शून्य
४२४. आज दुसरं काही करू नकोस, कॉपी लाव.

वायरमन_दादा
सगळे डिस्कवर बोलताय, मूळ दुखणं यूपीएस आहे. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची लेड ॲसिड बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो. पीं करून लगेच बंद म्हणजे बॅटरी गेलेली. अख्खा यूपीएस बदलू नका, नुसती बॅटरी मिळते. लेझर प्रिंटर त्यावर लावलाय का? लावला असेल तर काढा. त्याचा फ्यूजर तापताना जेवढी वीज खेचतो तेवढी या यूपीएसला झेपत नाही.

दुकानात इन्व्हर्टर असेल तर मागच्या बाजूला एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंखा-ट्यूबला फरक पडत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. पीसीचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो, त्याच्या आत बदल झाला पाहिजे. यूपीएस मोडवर तो होतो.

बार्शीकर_डीटीपी
दादा, प्रिंटर त्यावरच होता. काढला. बॅटरी सांगितलीय.

अपडेट: जवळजवळ सगळं नव्या एसएसडीवर आलं. रोबोकॉपीच्या यादीत राहिलेल्या फायली म्हणजे जुन्या निवडणुकीचे फ्लेक्स. उमेदवारही आता राजकारणात नाहीत, तेव्हा दुःख नाही. आता ही जुनी डिस्क काय करू? भंगारात देऊ का अजून चालेल? गिऱ्हाइकांचे आधार कार्डांचे स्कॅनही आहेत त्यावर.

सेक्टर_शून्य
तशीच भंगारात देऊ नका. फॉरमॅट करा, पण 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. क्विकमध्ये फक्त नोंदी पुसतात, डेटा तसाच राहतो. आधार कार्डंही जातील आणि संशयित सेक्टरांवर पुन्हा लिहिलं गेल्यामुळे त्यांचाही निकाल लागेल. तासन्‌तास लागतील, घाई करू नका. फॉरमॅट करताना ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा. नवी एसएसडीही शेजारीच लावलेली आहे.

झाल्यावर ०५ आणि सी५ सांगा.

बार्शीकर_डीटीपी
झालं.
०५ : ८
सी५ : ०
आता दहाच्या पद्धतीत करून घेतलंय, तरी आठच दाखवतंय.

सेक्टर_शून्य
आठ दोन्हीकडे आठच 🙂 म्हणजे पाच जागांपैकी चार धडधाकट निघाल्या, वीज गेल्यामुळेच अर्धवट राहिलेल्या असाव्यात. मला पटत नव्हतं, पण आकडे तसं म्हणतायत. एक जागा खरंच खराब होती, ती डिस्कने बदलून घेतली. काकांचा अंदाज माझ्यापेक्षा जवळ होता.

चालवा, पण एकमेव प्रत तिच्यावर नको. रोज रात्री एसएसडीवरून तिच्यावर कॉपी घ्या. महिन्याने पुन्हा ०५ बघा. आठच असेल तर राहू द्या, वाढला असेल तर काढा.

खडूस_काका
रोजची कॉपी हाताने करायची म्हटलं की चार दिवसांत बंद पडते. टास्क शेड्यूलरमध्ये तीच रोबोकॉपीची ओळ दुकान बंद करायच्या अर्धा तास आधीची लावा. /एमआयआर मात्र लावू नका, इकडे चुकून उडवलेलं तिकडूनही उडतं.

बार्शीकर_डीटीपी
लावलं. साडेआठची वेळ टाकलीय. /ई ठेवलंय, /एमआयआर नाही.